‘ओढ’ की ‘सोड’? नौकेवरचा संवाद आणि कपाटातला कॉर्डलेस फोन



काही वर्षांपूर्वी एका तलावावर नौकानयनाचा सराव चालू होता. वारा बऱ्यापैकी होता आणि बोट धक्क्याला लावायची होती. पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर, एक कॅडेट धक्क्याच्या खुंटाला घातलेला दोर हातात धरून उभा होता. दुसरा मागे सुकाणूवर होता. मागच्याने ओरडून सांगितले, “ओढ!” पुढच्याने ऐकले, “सोड!” त्याने एका क्षणात दोर सोडून दिला. वाऱ्याने बोटीचे नाक फिरवले आणि ती शेजारच्या बोटीवर आदळली. एका फळीला चीर गेली. इजा कोणाला झाली नाही, हे नशीब.

नंतर दोघांना समोर उभे करून विचारले, तेव्हा लक्षात आले की दोघांचेही चुकले नव्हते. एकाने योग्य आज्ञा दिली होती. दुसऱ्याने जी आज्ञा ऐकली, ती विनाविलंब पाळली होती. चूक झाली ती मधल्या सात-आठ मीटर हवेत.

त्या सात-आठ मीटरांचे काय करायचे, हा या लेखाचा विषय आहे. तलावावर एक फळी चिरली. समुद्रात नांगर टाकताना किंवा उचलताना अशी गफलत झाली, तर साखळी आणि रहाट यांच्यामध्ये माणसाची बोटे सापडू शकतात. डोलकाठीवर चढलेल्या माणसाच्या दोराबाबत झाली, तर काय होईल ते सांगायला नको.

आवाज हरवतो कुठे?

मोकळ्या हवेत आवाज सर्व बाजूंना पसरतो. अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. बोलणाऱ्यापासून १ मीटरवर जो आवाज आहे, तो २, ४, ८ आणि १६ मीटर अशा चार दुपटींनंतर सुमारे २४ डेसिबलने कमी झालेला असतो. आपल्या नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची नौका सुमारे १७ मीटर लांब आहे. एवढ्या लांबीच्या नौकेवर सुकाणूपासून नाळेपर्यंत चारही दुपटी जवळजवळ पुऱ्या होतात.

त्यात परिस्थिती दोघांच्याही विरुद्ध असते. नांगर टाकताना नौकेचे नाक वाऱ्याकडे वळवतात. नाळेवरचा माणूस पाण्याकडे पाहत असतो. म्हणजे त्याचे तोंड सुकाणूवाल्याच्या उलट दिशेला असते आणि कानात वारा घुमत असतो. सुकाणूवाल्याच्या पायाखाली इंजिन धडधडत असते. एकाला वारा ऐकू देत नाही, दुसऱ्याला इंजिन.

आणखी एक बारकावा आपल्या भाषेतला आहे. ‘सोड’ मधल्या ‘स’ चा आवाज म्हणजे एक बारीक सुसकारा. त्याची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्‌झच्या वरच्या पट्टीत असते. वाऱ्याचा आवाजही सुसकाऱ्यासारखाच असतो, म्हणून ‘स’ त्यात विरघळून जातो. मग ‘सोड’ मधला ‘ओड’ तेवढा उरतो. ‘ड’ आणि ‘ढ’ यांतला फरक गोंगाटात कोण ओळखणार? याचा अर्थ असा की ज्या दोन आज्ञा एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत, त्याच वाऱ्यात सारख्या ऐकू येतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

जुने उपाय

दर्यावर्दी लोकांनी या अडचणीवर फार पूर्वीपासून उपाय शोधले आहेत. सर्वांत साधा उपाय म्हणजे हाताच्या खुणा. मूठ वर केली की थांब, हात पुढे केला की सावकाश पुढे. कोणत्याही यंत्राविना, वीज गेली तरी चालणारी ही पद्धत आजही प्रत्येक लहान बोटीवर असलीच पाहिजे. मात्र तिला उजेड लागतो, आणि दोघांचे एकमेकांकडे लक्ष असावे लागते. रात्री किंवा धुक्यात ती निरुपयोगी ठरते. मध्ये शीड आले तरी तेच.

मोठ्या जहाजांवर पूर्वी पितळी नळ्या बसवलेल्या असत. एका टोकाला तोंड लावून बोलायचे, दुसऱ्या टोकाला कान लावून ऐकायचे. नळीत आवाजाला पसरायला जागा नसते, म्हणून तो फारसा क्षीण न होता दुसऱ्या टोकाला पोहोचतो. टोकाला शिट्टी बसवलेली असे. नळीत फुंकर मारली की पलीकडे शिट्टी वाजायची आणि तिथला माणूस धावत यायचा. आजच्या फोनच्या घंटीचे काम ही शिट्टी करत असे.

त्यानंतर टेलिफोन आला. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’ जहाजाच्या डोलकाठीवरील टेहळ्या फ्रेडरिक फ्लीट याने समोर हिमनग पाहिला, तेव्हा त्याने तीन वेळा घंटा वाजवली आणि टेलिफोनवरूनच ब्रिजला कळवले. टेलिफोन उचलला गेला, निरोपही नीट पोहोचला. तरी जहाज वाचले नाही, कारण हिमनग फार जवळ आला होता. संपर्काचे साधन निरोप पोहोचवते, पण हातातून गेलेला वेळ परत आणून देत नाही.

युद्धनौकांवर आणि व्यापारी जहाजांवर आणखी एक फार हुशारीचे साधन वापरतात. त्याला ‘साउंड पॉवर्ड टेलिफोन’ म्हणतात. त्यात बॅटरी नसते. बोलणाऱ्याच्या आवाजाने पातळ पडदा थरथरतो, त्या थरथरीने चुंबकाच्या क्षेत्रात क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो, तारेतून पलीकडे जातो आणि तिथला पडदा थरथरवतो. जहाजावरची सगळी वीज गेली तरी हा फोन चालू राहतो. शिवाय तो आकाशात कोणतीही रेडिओ लहर सोडत नाही, म्हणून शत्रूला त्याचा माग लागत नाही. मोठ्या जहाजांवर ब्रिजवरून इंजिनरूमला आज्ञा पोहोचवण्यासाठी किमान दोन स्वतंत्र साधने असावीत असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. एक बंद पडले तर दुसरे हवे, हा त्यामागचा सरळ विचार.

कपाटातला कॉर्डलेस

लहान बोटीवर पितळी नळ्या नसतात आणि तारांचे जाळेही नसते. अशा ठिकाणी जगभरातल्या अनेक हौशी नाविकांनी एक घरगुती युक्ती वापरली आहे. घरातला दोन हँडसेटचा कॉर्डलेस फोन बोटीवर नेऊन इंटरकॉम म्हणून वापरायचा.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातली लँडलाइन आता बंद झाली आहे आणि कॉर्डलेस संच कपाटात धूळ खात पडला आहे. तो टाकून देऊ नका. कॉर्डलेसला बाहेर फोन करण्यासाठी टेलिफोनची लाइन लागते, पण एका हँडसेटवरून दुसऱ्या हँडसेटवर बोलायला लाइनची मुळीच गरज नसते. त्याला फक्त बेस चालू असावा लागतो. स्वयंपाकघरातल्या आईने वरच्या मजल्यावरच्या मुलाला जेवायला बोलवावे, अशीच ती सोय आहे.

मोबाइल का नको? मोबाइलचा कॉल आधी किनाऱ्यावरच्या मनोऱ्याकडे जातो आणि तिथून परत येतो. शेजारी उभ्या असलेल्या दोघांचे बोलणेही मनोऱ्यामार्गेच होते. किनारा दूर गेला की मनोरा गेला आणि बोलणेही गेले. कॉर्डलेसचा मनोरा मात्र आपल्या बोटीवरच असतो. तो म्हणजे त्याचा बेस.

आजचे बहुतेक डिजिटल कॉर्डलेस ‘डेक्ट’ नावाच्या पद्धतीवर चालतात. ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात ठरवली गेली. तिचे काम कसे चालते हे परेड ग्राउंडच्या उदाहरणाने समजेल. एकाच मैदानावर अनेक तुकड्यांना एकाच वेळी आज्ञा द्यायच्या असतील तर गोंधळ होईल. पण प्रत्येकाला ठरावीक क्षण वाटून दिला तर होणार नाही. डेक्टमध्ये एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचे २४ तुकडे करतात. १२ तुकड्यांत बेस बोलतो, १२ तुकड्यांत हँडसेट बोलतात. हे इतक्या वेगाने होते की आपल्याला बोलणे अखंड वाटते. म्हणून कॉर्डलेसवर दोघेही एकाच वेळी बोलू शकतात. वॉकीटॉकीवर एकाने बटण दाबले की दुसऱ्याला गप्प बसावे लागते. नांगराच्या साखळीशी झुंजणाऱ्याकडे बटण दाबायला मोकळा हात नसतो, हा त्यातला मोठा फरक.

या लहरींची वारंवारता १८८० ते १९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास असते. म्हणजे लहरीची लांबी सुमारे १६ सेंटिमीटर, साधारण वीतभर. घरात भिंती ओलांडून या फोनचा पल्ला सुमारे ५० मीटर मिळतो, मोकळ्यावर ३०० मीटरपर्यंत. याच तंत्रावर आधारित ‘कॉर्डेक्ट’ ही पद्धत आय.आय.टी. मद्रासने १९९० च्या दशकात खेड्यापाड्यांत टेलिफोन पोहोचवण्यासाठी विकसित केली होती. तिच्यात उंचावरचा अँटेना आणि मध्ये काही आड नसेल तर १० किलोमीटरपर्यंत संपर्क होत असे. तेव्हा लहर अशक्त नाही. तिला वाट मोकळी मिळाली पाहिजे, इतकेच.

एक सूचना पालकांसाठी. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला कॉर्डलेस संच आपल्याकडे वापरू नये. तिकडचे संच १९२० ते १९३० मेगाहर्ट्‌झवर चालतात आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइल सेवेच्या वाट्याला आहे. आपला संच मोबाइलच्या जाळ्यात व्यत्यय आणू शकतो. भारतात विक्रीसाठी मान्यता असलेलाच संच घ्यावा. हाच नियम वॉकीटॉकीलाही लागू आहे. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे मान्यताप्राप्त संच परवान्याशिवाय वापरता येतात. स्वस्त मिळाला म्हणून कोणताही संच मागवणे कायद्यात बसत नाही.

बोटीवर बसवताना

बेस बोटीच्या मध्यभागी, आत, कोरड्या आणि जरा उंच जागी बसवावा. बोट फायबरची किंवा लाकडी असेल तर लहर आरपार जाते. पोलादी किंवा ॲल्युमिनियमची असेल तर धातू लहरीला अडवतो. अशा वेळी बेस खिडकीजवळ ठेवावा आणि दार-झडप उघडी ठेवून पाहावे. वीतभर लहरीला वीतभर फट पुरेशी होते.

वीज जोडताना घाई करू नका. बहुतेक बेस ६ ते ९ व्होल्टवर चालतात. नेमका आकडा त्याच्या अडॅप्टरवर छापलेला असतो. बोटीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणवली जाते, पण इंजिन चालू असताना ती चार्ज होत असते आणि व्होल्टेज १४ च्या वर जाते. थेट जोडले तर बेस जळेल. बॅटरी आणि बेस यांच्यामध्ये व्होल्टेज उतरवणारा छोटा डी.सी. कन्व्हर्टर बसवावा आणि बॅटरीजवळच्या टोकाला फ्यूज घालावा. बेस २ ते ३ वॅट वीज घेतो असे धरले तर १२ व्होल्टवर दिवसभरात ४-६ अँपिअर-तास खर्च होतात. शिडाच्या लहान बोटीला हे थोडे नाही. काम झाले की बेस बंद करावा.

हँडसेटमध्ये सहसा १.२ व्होल्टचे दोन चार्ज होणारे सेल असतात. ते संपले म्हणून साधे पेन्सिल सेल घालून हँडसेट चार्जरवर ठेवू नये. साधे सेल चार्ज करायचे नसतात, ते गळतात किंवा फुटतात.

खारे पाणी हा हँडसेटचा शत्रू. तो पातळ, पारदर्शक, घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. आवाज तेवढ्या पातळ प्लॅस्टिकमधून जातो. संचाला इअरफोनची जागा असेल तर उत्तमच, दोन्ही हात मोकळे राहतात.

आता दोन गोष्टी अशा, ज्या पहिल्यांदा करणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाहीत.

पहिली म्हणजे गळ्यातली दोरी. हँडसेट पडू नये म्हणून तो दोरीने गळ्यात अडकवावासा वाटतो. नांगराच्या रहाटाजवळ वाकून काम करणाऱ्याने हे कधीही करू नये. दोरी साखळीत अडकली तर माणसासकट ओढली जाईल. हँडसेट लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवावा, इअरफोनची तार जॅकेटच्या आतून घ्यावी. डोलकाठीवर चढणाऱ्याने मात्र तो खिशात पक्का बांधावा. १५ मीटरवरून पडणारा हँडसेट खालच्याचे डोके फोडू शकतो.

दुसरी म्हणजे होकायंत्र. फोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो. सुकाणूवाल्याने हँडसेट सोयीसाठी होकायंत्राशेजारी ठेवला तर काटा सरकतो आणि बोट भलत्याच दिशेला जाऊ लागते. फोनवरचे बोलणे स्पष्ट आणि दिशा चुकीची, असा प्रकार होईल. हँडसेटची जागा होकायंत्रापासून किमान हातभर दूर ठरवून ठेवावी आणि काटा हलत नाही ना, हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

कॉर्डलेसने काय होत नाही

हे साधन बोटीच्या आतल्या बोलण्यासाठी आहे. संकटात मदत मागण्यासाठी नाही, हे मनात पक्के करा. बोटीबाहेर कोणीही ते ऐकत नाही. समुद्रात संकट आले तर व्ही.एच.एफ. रेडिओचा १६ क्रमांकाचा चॅनेल आहे. किनाऱ्याजवळ मोबाइलला संपर्क असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. ज्या बोटीवर व्ही.एच.एफ. रेडिओ नाही, तिने कॉर्डलेसच्या भरवशावर समुद्रात जाऊ नये.

पाण्यात पडलेल्या माणसाच्या खिशातला हँडसेटही कामाचा नाही. या वारंवारतेची लहर खाऱ्या पाण्यातून जात नाही. माणूस पाण्यात पडला की ओरडायचे, बोटाने दाखवत राहायचे आणि नजर हलवायची नाही. इथे जुनी पद्धतच खरी.

गुप्ततेचाही प्रश्न आहे. रेडिओ लहर म्हटली की ती कोणीही पकडू शकतो. जुने ॲनालॉग कॉर्डलेस तर साध्या रिसीव्हरवर ऐकू येत. डिजिटल संच अधिक सुरक्षित आहेत, पण लहर बाहेर जाते ती जातेच, आणि बोलणे समजले नाही तरी इथे कोणीतरी आहे एवढे शत्रूला कळते. म्हणूनच युद्धनौकेवर बिनतारीच्या काळातही तारेचा फोन टिकून आहे. सोय आणि सुरक्षितता यांत लष्कराने काय निवडावे, याचा विचार तुम्हाला पुढे अनेकदा करावा लागणार आहे.

यंत्र आले, शब्द तेच राहिले

आता पुन्हा ‘ओढ’ आणि ‘सोड’ कडे येऊ.

समजा, त्या दिवशी दोघा कॅडेटांच्या कानाला कॉर्डलेस असता तर चूक टळली असती का? वारा आणि अंतर यांचा प्रश्न सुटला असता. पण साध्या फोनवरून फक्त ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्टीतला आवाज जातो. ‘स’ ची ऊर्जा तर ४००० च्या वर. म्हणजे जो ‘स’ वाऱ्याने खाल्ला होता, त्याचा मोठा भाग फोननेही कापला असता. ‘सोड’ पुन्हा ‘ओड’ सारखाच ऐकू आला असता. फोनवर नाव सांगताना “‘स’ समईचा” असे सांगावे लागते, ते याचमुळे. सैन्यात अक्षरांसाठी ‘सिएरा’, ‘फॉक्सट्रॉट’ असे पूर्ण शब्द वापरतात, तेही अक्षरे एकमेकांत मिसळू नयेत म्हणूनच.

तेव्हा यंत्र विकत घेण्याआधी शब्द ठरवा. ज्या आज्ञा विरुद्ध आहेत, त्यांचे शब्द लांबीने आणि स्वरांनी वेगळे असावेत. ‘ओढ’ ऐवजी ‘आत घे’, ‘सोड’ ऐवजी ‘मोकळं कर’. या दोन शब्दसमूहांत कोणी गफलत करून दाखवावी! ‘थांब’ हा शब्द फक्त थांबण्यासाठी राखून ठेवावा. “थांब जरा, बघतो” असे बोलण्याच्या ओघातही म्हणू नये. नाहीतर ऐकणारा इंजिन बंद करून बसेल.

आकड्यांचेही तसेच. ‘वीस’ आणि ‘तीस’ यांत फरक एका व्यंजनाचा, पण साखळी मात्र १० मीटरने कमी-जास्त होते. म्हणून ‘दोन शून्य’ आणि ‘तीन शून्य’ असे एकेक अंक सांगावे. इंग्रजीतही रेडिओवर ‘फाइव्ह’ चा उच्चार ‘फाइफ’ आणि ‘नाइन’ चा ‘नाइनर’ करतात, तो याच कारणाने.

मिश्र भाषांच्या तुकडीत तर हे आणखी महत्त्वाचे. आपल्या शाळेत एकाच बोटीत मराठी, तमिळ, पंजाबी बोलणारे कॅडेट असतात. घाईच्या क्षणी प्रत्येकाच्या तोंडून आपली भाषा बाहेर पडते. बोट धक्क्यावरून सुटण्यापूर्वी कोणत्या भाषेतले कोणते सात-आठ शब्द वापरायचे, हे सर्वांनी मिळून ठरवावे आणि एकदा मोठ्याने म्हणावे.

आज्ञा ऐकली की ती परत म्हणायची, ही नौदलाची शिस्त तुम्ही वाचली असेल. सुकाणूवाल्याला ‘पोर्ट टेन’ अशी आज्ञा मिळाली की तो आधी ‘पोर्ट टेन’ म्हणतो आणि सुकाणू तेवढे फिरवून झाल्यावर ‘टेन ऑफ पोर्ट व्हील ऑन’ असे कळवतो. पहिल्या उत्तरातून आज्ञा बरोबर ऐकली हे कळते, दुसऱ्यातून ती पाळली गेली हे कळते. त्या दिवशी नाळेवरच्या कॅडेटने दोर सोडण्यापूर्वी नुसते “सोड?” असे परत विचारले असते, तर फळी चिरली नसती.

आणखी एक नियम, जो फोन वापरणाऱ्यांसाठी सर्वांत मोलाचा आहे. शांतता म्हणजे ‘थांब’. फोनवर बोलणे एकाएकी बंद झाले तर सेल संपला असेल, लहर तुटली असेल किंवा पलीकडचा माणूस अडचणीत असेल. कारण शोधण्यापूर्वी काम थांबवायचे. म्हणून साखळी आत येत असेपर्यंत नाळेवरच्याने सतत बोलत राहावे, “येतेय, येतेय, येतेय.” आवाज तुटला की सुकाणूवाल्याने इंजिन न्यूट्रलमध्ये घ्यावे आणि नाळेकडे पाहावे. हाताच्या खुणा त्याच वेळेसाठी शिकलेल्या असतात.

सुट्टीत करून पाहा

घरी जुना कॉर्डलेस असेल तर सुट्टीत हे प्रयोग करा. पालकांनीही मुलांबरोबर भाग घ्यावा.

टेलिफोनची लाइन काढून बेस फक्त विजेला जोडा आणि हँडसेटवरून हँडसेटला कॉल लावा. एकाने चालत चालत दूर जावे आणि आवाज कुठे तुटतो ते पावलांनी मोजावे. मग मध्ये लोखंडी कपाट येईल असे उभे राहून पुन्हा मोजावे. हँडसेट स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण आधी उघडे, मग किलकिले, मग घट्ट ठेवून काय फरक पडतो ते पाहावे. पोलादी बोटीच्या आत काय होत असेल, याची कल्पना येईल. होकायंत्राजवळ हँडसेट हळूहळू नेऊन काटा किती अंतरावर हलू लागतो, तेही वहीत लिहा.

शेवटी सर्वांत स्वस्त प्रयोग. पंखा पूर्ण वेगात लावा. एकाने पाठ करून वीस वेळा ‘ओढ’ किंवा ‘सोड’ असे कोणत्याही क्रमाने म्हणावे, दुसऱ्याने दुसऱ्या खोलीत हँडसेटवर ऐकून कागदावर लिहावे. मग ‘आत घे’ आणि ‘मोकळं कर’ घेऊन पुन्हा वीस वेळा. दोन्ही कागदांवरच्या चुका मोजा. तो आकडा पुढच्या सत्रात नौकानयनाच्या तासाला घेऊन या. त्यावरून आपल्या बोटीचे शब्द आपणच ठरवू.